युफोनियममधलं खोबरेल

मुलांच्या बँडसाठी चाली बांधतो असं सांगितलं की रत्नागिरीतली माणसं हमखास विचारतात, "लग्नाच्या का?" पूर्वी मी समजावून सांगायचो. आता म्हणतो, हो, लग्नाच्या, आहे का तुमच्याकडे कोण लग्नाचं? उभा जन्म शाळेच्या बँडमागे घालवला आणि अजून हे ऐकायचं! आता तर चाली बांधणंही सोडलं. का सोडलं ते सांगतो.

माझी पद्धत साधी होती. मी वाद्यासाठी लिहीत नसे, पोरासाठी लिहायचो. ट्रम्पेटवाल्याने दातांना तारा लावून घेतल्या की त्याचा वरचा सा काढून टाकायचा. क्लॅरिनेटवालीला आईने दहावीच्या क्लासला अडकवलं की तिची ओळ दुसऱ्या कोणाला द्यायची. प्रत्येकाच्या वहीत त्याची त्याची ओळ, सारेगममध्ये, माझ्या हातची. पुस्तकातलं तयार संगीत आमच्याकडे काय कामाचं? त्यात लागतात तेवढी वाद्यं नाहीत, तेवढी पोरंही नाहीत.

त्या वर्षी युफोनियम एका मुलीकडे होतं. पोटाशी धरून वाजवायचं हे पितळी धूड कोणालाच नको असतं, कारण त्याला कधी मुख्य चाल मिळत नाही. ही पावसकडून एसटीने यायची, नववीत होती, बोलायची कमी. वडील जहाजावर खलाशी, वर्षातले नऊ महिने समुद्रात. लेकीचं वाजवणं त्यांनी एकदाही ऐकलेलं नव्हतं. त्या जानेवारीत ते सुट्टीवर आले होते आणि सव्वीस तारखेचं संचलन झालं की दोन दिवसांनी परत जाणार होते. दिवाळीनंतर एकदा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, यंदा बाबा येणारेत. मला एकटीला थोडंसं द्याल?"

दिलं. शिमग्यात पालखी नाचवताना ढोल वाजतो त्या ठेक्यावर एक मार्च बांधला आणि मधोमध आठ आवर्तनं अशी ठेवली की सगळ्यांनी थांबायचं, फक्त तिने वाजवायचं. तिचा श्वास कुठे संपतो ते बघून बघून एकेक सूर ठेवला. दोन महिने त्यात गेले. फुशारकी मारत नाही, पण आयुष्यात मी एकच गोष्ट बरी लिहिली असेन तर ती ही. पोरांना घरी सरावाला हवं म्हणून सगळा मार्च मी कीबोर्डवर वाजवून मोबाईलवर पाठवला, तिच्या आठ आवर्तनांसकट.

आणि मग माती खाल्ली. वाद्याच्या बटणांना घालायचं तेल संपलं. ते मुंबईहून मागवावं लागतं, मागवलं होतं, येत नव्हतं. बटणं अडकायला लागली. मीच म्हटलं, नारळाच्या मुलखात राहून तेलासाठी काय रडता रे, घाला खोबरेल! घातलं. दुपारच्या सरावाला बटणं अशी सुळसुळ चालली की मी स्वतःवरच खूश.

सव्वीस तारखेला सकाळी सातला मैदानावर पोचलो. त्या वर्षी थंडी जरा जास्तच होती. पोरांनी वाद्यं काढली आणि एकाचंही बटण हलेना. खोबरेल आत थिजून मेणासारखं झालं होतं. अरे, त्याच सकाळी अंघोळीला जाताना मी स्वतः तेलाची बाटली गरम पाण्यात ठेवून आलो होतो! कोकणात जन्मलेल्या माणसाला हे कळू नये? शेंबड्या पोराला कळतं.

पोरं बटणांवर फुंकर मारत होती, काखेत धरून ऊब देत होती. ती तर युफोनियमच्या बटणांवर स्वेटर ओढून बसली होती. मुख्याध्यापक घड्याळ बघत आले. "सर, मोबाईलवर आहे ना तुमच्या? स्पीकरला जोडा. पोरांनी नुसतं धरून उभं राहायचं." मी नाही म्हणायला हवं होतं. नुसते ढोल वाजवतो म्हणायला हवं होतं. पण समोर पाहुणे, बाजूला दुसऱ्या शाळांचे बँड. माझी अब्रू जाईल म्हणून मी घाबरलो. मुलीचा विचारही मनात आला नाही, हे आज कबूल करतो. मोबाईल काढून दिला.

मार्च वाजला. पोरांनी गाल फुगवले. आठ आवर्तनं आली तेव्हा ती एक पाऊल पुढे आली, ठरलं होतं तशी. टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपला तेव्हा ऊन वर आलं होतं आणि सगळ्यांची बटणं सुरळीत चालत होती. अर्धा तास! अर्ध्या तासाने आमचा नंबर असता तर काही झालंच नसतं.

तिचे वडील गर्दीतून आले. हातात मोबाईल, डोळे भरलेले. "सर, काय वाजवलान पोरीने! सगळा व्हिडिओ घेतलाय. जहाजावर सगळ्यांना दाखवणार." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "छान वाजवलंस गो."

ते मोटारसायकल आणायला गेले. ती तिथेच उभी राहिली.

"सर, मी खरंच वाजवत होते," ती म्हणाली. "बाबा होते म्हणून. पण मधलं बटण शेवटपर्यंत उठलं नाही. सगळं बेसूर गेलं."

मी स्पीकरची वायर गुंडाळायला लागलो.

"तुम्हाला ऐकूच आलं नाही ना?"

तिने युफोनियम माझ्या हातात दिलं. पितळ अजून तिच्या अंगाने गरम होतं. सोमवारी ती सरावाला आली नाही, नंतरही नाही. तिचे वडील आता कुठल्या समुद्रात आहेत मला माहीत नाही. पण लेकीची आठवण आली की ते तो व्हिडिओ लावत असतील, आणि त्यात मी वाजतोय.