आक्काने मला विचारलंच नाही

पंचशीलाआक्काने माणूस ओळखण्यात केलेली एकच चूक मला माहीत आहे. ती चूक म्हणजे मी. तिने एक मुलगी विश्वासाने माझ्या घरी ठेवली होती आणि त्या मुलीचा ठावठिकाणा मी सांगून टाकला. आक्काविषयी लिहायचं तर हे आधी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आक्का माझी आत्तेबहीण. आत्या लवकर गेली, म्हणून ती हट्ट्याला, आमच्या गावी, आमच्याच घरी वाढली. पोलीस भरतीसाठी ती वसमतच्या रस्त्याने धावायची तेव्हा लोक माझ्या वडिलांना विचारायचे, "पोरगी काहून पळून राहिली? कुणी मागं लागलंय का?" वडील म्हणायचे, "आज एकटी पळून राहिली. उद्या तिच्या पुढं दुसरे पळतील." शिपाई म्हणून ती पुण्याला गेली, खात्याच्या परीक्षा देत फौजदार झाली आणि गुन्हे शाखेत पोचली. लग्नाचा विषय निघाला की हसायची. "दिवसभर खोटं ऐकून घरी यायचं, अन् घरी बी तेच ऐकायचं? न्हाई बाबा."

ती साधी सुती साडी नेसायची, खांद्याला कापडी पिशवी. बघणाऱ्याला वाटावं, अंगणवाडीच्या बाई आल्यात. "मला बघून कुणी उठून उभं राहिलं की समजायचं, आजचं काम बिघडलं," असं ती म्हणायची. फरार माणसाच्या घरी गेली तरी आल्या आल्या झडती घ्यायची नाही. बायकांसोबत भाजी निवडत बसायची. एका म्हातारीने तिला सांगितलं, लेक कधीचा घरी आलेला नाही, मी एकटीच असते. आक्का तिच्याशी दुखण्याखुपण्याचं बोलत राहिली. उठता उठता म्हणाली, "मावशी, तुमाला तर दात न्हाईत. मग शेंगदाण्याची चटणी इतकी जाडीभरडी कुणासाठी कुटून राहिल्या?" म्हातारी रडायला लागली आणि माळ्यावरून लेक स्वतःच खाली उतरला. आक्काने शिपायाला दारात थांबवलं. "आधी जेवू दे त्याला. पळून पळून वाळून गेलाय."

मारून बोलतं करणं तिला आवडत नसे. "माणूस आपणहून बोलला की त्याला झोप लागती," म्हणायची. "मी फक्त वाट बघते."

ती कविताला घेऊन आली तेव्हा आमच्याकडे हळद शिजवायचे दिवस होते. कविता पुण्यात एका मोठ्या बांधकाम व्यावसायिकाच्या घरी धुणीभांडी करायची. त्या घरच्या मुलाने आपल्या बायकोला गॅलरीतून खाली ढकललं, ते या एकट्या मुलीने पाहिलं होतं. साक्षीची तारीख जवळ आली आणि तिला धमक्या यायला लागल्या. आक्काने वरिष्ठांनाही न सांगता, कागदावर काहीच न आणता, तिला थेट आमच्या शेतातल्या घरी आणलं.

"परकाश, घरच्या लेकरावानी ठेव. कुणी विचारलं तर सांग, बायकोची भाची हाय."

"आक्का, काळजीच करू नको."

"काळजी कशाची? हे माझं माहेर हाय."

कविता मला मामा म्हणायला लागली. बायकांबरोबर हळद पसरायला बसायची. पिवळे झालेले हात दाखवून म्हणायची, "मामा, नवरदेव न्हाई अन् मला हळद लागली." माझी बायको हसून लोटपोट व्हायची.

माझी लेक प्रज्ञा आदल्याच वर्षी डोंगरकड्याला दिली होती. आमच्याकडे लेकीचा बाप व्याह्यापुढे आवाज चढवत नाही; तो बसल्याशिवाय आपण बसत नाही. असा रिवाज कुणी शिकवावा लागत नाही. एक दिवस व्याही उत्तमराव यांचा फोन आला.

"इवाई, शेतात नवी पोरगी दिसून राहिली म्हणे. कोण हाय?"

"बायकोची भाची."

ते हसले. "आमच्यापासून लपवता व्हय? पुण्याची ना ती? पंचशीलाबाईनं आणलेली?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमची प्रज्ञा आमच्या घरात सुखात हाय, इवाई. आमी तुमच्यापासून काही लपवत न्हाई."

एवढंच. धमकी नाही, चढा आवाज नाही. मी म्हणालो, "व्हय, तीच हाय." मग त्यांनी शेतातलं घर कोणत्या बाजूला, दिवसा तिथं कोण असतं, हे विचारलं. मी सगळं बराबर सांगितलं. फोन ठेवताना ते म्हणाले, "बाईंना सांगू नका, उगा तकलीफ व्हईल." मी हो म्हणालो. त्यांचा थोरला मुलगा त्याच बांधकामवाल्याकडे सुपरवायझर होता, हे मला नंतर कळलं. पण कळलं नव्हतं, ही सबब मी पुढे करणार नाही. पोलिसांच्या साक्षीदाराची चौकशी कुणी उगीच करत नाही, एवढं मला समजत होतं.

लवकरच एक जीप शेतात आली. कविताचा भाऊ उतरला, म्हणाला, आई सीरियस आहे. जीपमध्ये दोन अनोळखी माणसं बसली होती, ती उतरली नाहीत. कविता हात धुऊन माझ्याकडे आली.

"मामा, जाऊ का?"

खिशात फोन होता. आक्काला विचारतो, एवढं म्हणालो असतो तरी पुरलं असतं. मी म्हणालो, "आईच हाय तुझी. जा."

कोर्टात कविताने सांगितलं, मी काही पाहिलं नाही. तो मुलगा सुटला. साक्षीदाराला नियमाबाहेर नातेवाइकांकडे का ठेवलं, असं आक्काला विचारण्यात आलं. तिने चूक कबूल केली, आमचं नाव घेतलं नाही. गुन्हे शाखा सुटली. उरलेली नोकरी तिने पासपोर्टच्या अर्जांची चौकशी करण्यात काढली.

त्यानंतरही ती हट्ट्याला यायची. हळदीचा भाव विचारायची, प्रज्ञाच्या बाळाला अंगडं-टोपडं आणायची. कविताचा विषय तिने कधी काढला नाही. मला आधी वाटलं, सुटलो. मग लक्षात आलं, ती मुक्कामाला थांबत नाही. "सकाळची गाडी सापडत न्हाई," म्हणून वसमतला लॉजवर उतरते. आणि आमच्या घरात ती आपल्या कामाचा एक शब्दही बोलत नाही.

यंदा ती निवृत्त झाली. मी पुण्याला तिच्या घरी गेलो. ती मेथी निवडत होती. मी उभ्यानेच बोललो, "आक्का, कविताचं मीच सांगितलं. डोंगरकड्याच्या इवायाला."

"माहीत हाय."

"कवापासून?"

"जीपवाल्यानं गावात कुणालाच तुझ्या शेताचा रस्ता विचारला न्हाई. तवापासून."

"मग मला विचारलं काहून न्हाई?"

ती काड्या वेगळ्या करत राहिली. "विचारलं असतं तर तू खोटं बोलला असता. अन् मला ते कळलं असतं. मग मी माहेर कुठून आणलं असतं?"

मी माफी मागायला लागलो तर तिने हात वर केला. "माझी नोकरी झाली, पेन्शन लागली. त्या पोरीला सांग. चल, मी दाखवते."

कविता आता पुण्यातच पोळीभाजीचं दुकान चालवते. मला बघून आधी थबकली, मग म्हणाली, "मामा?" तिने स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही. आक्का बाहेर पायरीवरच थांबली होती.

"कविता, तू मला विचारलं होतंस, जाऊ का. ती माणसं कुठून आली असतील ते मला कळत होतं. तुझा पत्ता मीच दिला होता."

तिने तवा खाली उतरवला. मग पायरीकडे बघितलं.

"पत्ता फक्त आक्कांना ठाऊक होता," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, त्यांनीच विकलं मला. म्हणून तर मी कोर्टात... मग मी कुणासाठी खरं बोलायचं होतं?"

आक्काने ते ऐकलं. आयुष्यभर लोकांच्या मनातलं काढणाऱ्या त्या बाईला हे ठाऊक नव्हतं. ती पायरीवर खाली बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. तिला रडताना मी प्रथमच पाहिलं.

घरून मनाशी जुळवून आणलेलं सगळं बोलणं मी विसरलो. दोघींच्या मध्ये, दुकानाच्या उंबऱ्यावर उभा राहून मी म्हणालो, "कविता, आक्कानं तुला विकलं न्हाई. मी विकलं. तुला बी, अन् तिला बी. मला माफ करा."