धाकटीचा फोन

टोपवालीला राग आला की ती बोलत नाही, ओवते. लाकडी डोक्यावर ताणलेल्या जाळीत आकडी सुई घालायची, केस ओढून गाठ मारायची, की पुन्हा सुई. तिच्या हाताच्या वेगावरून गिऱ्हाइकाने ओळखावं की आज बाईंचं कुणाशी तरी बिनसलंय, आपण आपलं गुमान खुर्चीत बसावं. धाकट्या बहिणीचा टोप ओवताना तर सुई नुसती सुसाट सुटली होती.

एके काळी ती नाटकवाल्यांचे टोप करायची. राजांचे, खलनायकांचे, झिपऱ्या भुतांचे. पुढे नाटकं आटली, राजे बेकार झाले, आणि तिच्याकडे आजारपणात केस गेलेली माणसं येऊ लागली. खुर्चीत बसून रुमाल सोडायचा आणि माप द्यायच्या आधी कारण द्यायचं, अशी या माणसांची रीतच. कुणाला वाटायचं बाहेरचं खाणं भोवलं, कुणाला नोकरीतला जाच. एका शिक्षकाने समोरच्या गच्चीवरच्या मोबाइल टॉवरला असा काही शिव्यांचा आहेर केला होता की टोपवालीने माप दोनदा घेतलं. ती फक्त हुंकार द्यायची. डोक्यावरचे केस गेलेल्या माणसाला कुणावर तरी खापर फोडू दे, तिचं काय जात होतं?

मग धाकट्या बहिणीच्या डोक्यात गाठ निघाली, आणि खापर आपल्याच घरात फुटलं.

शस्त्रक्रिया छान झाली. गाठ साधी होती, पसरणारी नव्हती. केस काढावे लागले, टाके पडले, हे सगळं चालण्यासारखं. चालत नव्हतं ते बोलणं. धाकटी म्हणजे घराचा रेडिओ, बंद करायचं बटण नसलेला. ती आता कंगवा हातात धरून त्याचं नाव शोधत बसायची. डोळ्यांत ओळख असायची, ओठांवर यायचं भलतंच. रुग्णालयातल्या, बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी फोनवर सराव घ्यायचं ठरवलं. फोन टेबलावर साखरेच्या बरणीला टेकवायचा, पडद्यावर बाई चित्रं दाखवणार, धाकटीने नावं सांगायची. शब्द येऊ लागले. एकदा तिने टोपवालीला फोन करून एका दमात ‘ताई, तू कंजूस आहेस’ एवढं सगळं म्हणून दाखवलं, आणि दोघी रडल्या.

त्यानंतर तिचा फोन लागेनासा झाला. बंद आहे, बंद आहे, बंद आहे. मेहुण्यांना विचारलं तर ते म्हणायचे, ती आराम करतेय. दरवेळी आरामच. शेवटी टोपवाली दुकानाला कुलूप लावून थेट धाकटीच्या घरी गेली.

फोन कपाटावर होता. स्वयंपाकघरातल्या चंदेरी कागदात गुंडाळून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून, डब्यावर घडी केलेली चादर. जणू आतून काही बाहेर पडून चावणार होतं. रेडिएशन, मेहुणे हळू आवाजात म्हणाले. त्यांनी इंटरनेटवर बरंच वाचलं होतं. वाचलं होतं ते अर्थात स्वतःच्या फोनवर, जो त्यांच्या खिशात, छातीला चिकटून होता. धाकटीच्या सासूबाई पलीकडच्या खुर्चीत फोनवर मालिका बघत होत्या. त्यांच्या फोनच्या पाठीवर मेहुण्यांनी लहरी अडवणारा म्हणून सोनेरी स्टिकर लावला होता, म्हणजे तो निर्धोक. आणि धाकटीच्या उशाशी भिंतीवर वायफायचा डबा हिरवे डोळे मिचकावत होता. तो काढला तर मालिका दिसणार कशी?

धाकटी पलंगावर बसून होती. ताईला बघून तिचं तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. सरावाच्या दिवसांत आलेले शब्द पाठ फिरवून निघून गेले होते. नुसतं ‘ते... ते... ते’.

सराव का थांबवला, असं टोपवालीने दातओठ खाऊन विचारलं. सराव आपण घेऊ की घरी, मेहुणे म्हणाले. मी आहे, आई आहे. (घेतला होता का? वेळ मिळाला नव्हता.) माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. शस्त्रक्रियेच्या दिवशी तो लहान मुलासारखा रडला होता.

“वाईट वाटून घेऊ नका, ताई,” ते म्हणाले. “पण गाठ निघायच्या आधी रोज तासभर तिच्याशी तुम्हीच बोलत होतात. फोन कानाला लावून.”

खरंच बोलायची टोपवाली. रोज. हातात सुई, कानाशी धाकटी, विषय काहीही. म्हणजे आपल्याच गप्पांनी? परत येताना तिचं पाऊल जड झालं, आणि दुकानात पोचेपर्यंत त्या जडपणाचा संताप झाला. आपल्याला ही शंका येऊ शकली याचाच संताप.

पुढच्या तपासणीला ती हट्टाने सोबत गेली. डॉक्टरबाईंना तिने सरळच विचारलं, माझ्या फोनमुळे झालं का? बाईंनी घड्याळाकडे न बघता उत्तर दिलं. अशी गाठ कशामुळे झाली, हे बहुतेकांच्या बाबतीत सांगताच येत नाही. फोनमुळे होते असं म्हणावं, असं ठोस काही इतक्या वर्षांच्या मोठमोठ्या पाहण्यांतून हाती आलेलं नाही. फोनच्या लहरींमध्ये पेशी आतून मोडण्याइतका जोर नसतो. अभ्यास अजून चालू आहेत, तेव्हा शंभर टक्क्यांची हमी कुणी देणार नाही. मनात धाकधूक असेल तर स्पीकरवर बोला, फोन डोक्यापासून लांब ठेवा.

“पण तिचं बोलणं थांबवू नका,” त्या म्हणाल्या. “शब्द परत येण्याचे हेच दिवस आहेत. हे गेले तर पुढे फार जड जाईल.”

जिना उतरताना मेहुणे म्हणाले, “ऐकलंत ना? शंभर टक्के नाही म्हणाल्या.”

एवढ्या सगळ्यातून माणसाने नेमकं तेवढंच उचलावं! टोपवालीने कठडा घट्ट धरला. धरला नसता तर हात दुसरीकडे गेला असता.

आणि मग ते कापड आलं. टोप पुरा होत आला होता तेव्हा मेहुणे दुकानात आले आणि त्यांनी पिशवीतून चंदेरी धाग्यांचं एक कडक, खरखरीत कापड काढलं. मागवलं होतं कुठूनतरी. रेडिएशन अडवतं म्हणे. टोपाला आतून अस्तर लावून द्या.

टोपवालीने ते बोटांत चोळून बघितलं. तारच ती. घामाने खाजणार, तापणार, आणि नव्या टाक्यांवर दिवसभर घासणार.

“मी लावणार नाही,” ती म्हणाली.

“तिच्या काळजीपोटी सांगतोय, ताई.”

“काळजी तुम्हाला आहे ना? मग टोपी शिवून देते. तुम्ही घाला.”

ते दुखावले. दुसरीकडून लावून घेईन म्हणाले. टोपवालीने कापडाची घडी घालून त्यांच्या हातात दिली आणि उरलेल्या गाठी मारायला बसली.

टोप घेऊन ती धाकटीकडे गेली तेव्हा सगळे होते. तिने धाकटीला आरशापुढे बसवलं, मऊ सुती अस्तराचा टोप कपाळापासून मागे हळूच ओढला, कानाशी बसवला. आरशातून जुनी धाकटी बघत होती. सासूबाईंनीसुद्धा मालिका थांबवली. मेहुण्यांचे डोळे भरले. ते म्हणाले, किती छान दिसतेस, आता फक्त आतून ते कापड लावून घेऊ, मग काळजी नाही.

धाकटीने आरशातूनच नवऱ्याकडे बघितलं. मग हात पुढे केला.

“फोन,” ती म्हणाली.

“अगं, तुझ्यासाठीच तर ठेवलाय ना वर...”

“तुझा.” तिने मान हलवली. शब्द खालून, खोलातून ओढून काढावा तशी ती ओढत होती. “तुझा... फोन... डब्यात.”

मेहुण्यांचा हात आपसूक खिशावर गेला. “माझा कसा ठेवू? माझं काम आहे त्यावर.”

“माझं,” धाकटी म्हणाली. थांबली. चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा ताणल्या. टोपवालीला शब्द ठाऊक होता, जिभेवर होता, पण तिने तो गिळला. हा तिने द्यायचा नव्हता.

“माझं... बोलणं... आहे त्यावर.”

सासूबाईंनी फोन मांडीवर पालथा घातला. मेहुणे उभे होते, खिशावर हात तसाच. बायकोने एवढं लांब वाक्य कधी म्हटलं होतं ते त्यांना आठवत नसावं. टोपवाली खुर्चीवर चढली, चादर खाली टाकली, डबा उतरवला आणि त्यांच्यासमोर धरला. उघडायचं काम तिने त्यांच्यावर सोडलं. त्यांनी झाकण काढलं आणि कागद सोलला.

फोन मेलेला होता. चार्जरला लावला, सगळे त्याच्याभोवती बसले, आणि तो जागा झाल्या झाल्या धाकटीने सरावाच्या बाईंना लावला. फोन बरणीला टेकवला. बाईंनी रागावून नाही, काळजीने विचारलं, कुठे होतात इतके दिवस? धाकटीला ते सांगता येईना. मेहुण्यांनाही येईना.

बरं, बाई म्हणाल्या. आपण निम्म्यापर्यंत आलो होतो. आता पहिल्या चित्रापासून घ्यावं लागेल.

पहिल्या चित्रात खिडकी होती. धाकटी बघत राहिली. ओठ हलले, काही निघेना. मेहुणे पुढे सरसावले, शब्द पुरवायला त्यांचं तोंड उघडलं. टोपवालीने त्यांच्या दंडावर हात ठेवला. मायेने ठेवला असं कुणी म्हणू नये, बोटं चांगली रुतली होती.

“तिला बोलू द्या,” ती म्हणाली.