डाळिंबावरची टोपी

आजोबा गेल्याचं तुम्हाला फोनवर कळलं. मला कळलं ते नळ वाहतच राहिल्यामुळे. मागच्या दारी ते दुपारची भांडी घासत होते आणि मी चष्मा शोधायला आत आले होते. आतूनच हाक मारली, "अहो, पाणी वाया चाललंय..." नळ वाहतच होता. जाऊन पाहिलं तर भिंतीला टेकून बसलेले, हातात घासणी तशीच, आणि टोपी शेजारच्या डाळिंबाच्या फांदीला अडकवलेली.

आर्या, निहार, तुम्ही परवा विचारलंत, आजोबाच रोज भांडी का घासायचे? उत्तर द्यायला मला जरा जड जातं. ते घासायचे ते माझ्यामुळे नाही. एका माणसामुळे, जो सातशे वर्षांपूर्वी मेला आणि ज्याचा मला आजही मत्सर वाटतो.

त्याला घरात आणलं मीच. आजोबांची नजर अधू झाली, पेपर दिसेना, म्हणून दुपारी मी वाचून दाखवू लागले. घरातली मराठी पुस्तकं संपली तेव्हा माझ्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टरनी दिलेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक काढलं. इटलीतल्या एका ख्रिस्ती साधूचं, मोठ्या धर्मपंडिताचं चरित्र. मी वाचत जायची आणि मराठीत सांगत जायची. लहानपणी तो मोठ्या आजारातून वाचला, तर आजोबा म्हणाले, "आईची पुण्याई." पॅरिसच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी, या भिक्षा मागणाऱ्या साधूंनी शिकवायचं नाही म्हणून भांडण काढलं, तर आजोबा उठूनच बसले. "आपल्या सोसायटीच्या इलेक्शनवानी झालं की गं!" माझ्या कुठल्याच बोलण्यावर ते असे कधी उठून बसले नव्हते.

मग आला तो प्रसंग. पोपचे दूत त्याच्यासाठी कार्डिनलपदाची, म्हणजे पोपच्या खालोखालच्या मानाची, टोपी घेऊन आले, तेव्हा हा मठात भांडी घासत होता. म्हणाला, हात ओले आहेत, तेवढी झाडाला अडकवून ठेवा.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आजोबांनी आपली टोपी डाळिंबाला अडकवली आणि भांड्यांपाशी बसले. लग्न होऊन राजुरीत आले तेव्हापासून मी म्हणत होते, निदान स्वतःचा चहाचा कप तरी विसळा. कधी नाही. आणि त्या परक्या साधूचं एका दुपारीत ऐकलं! सवत परवडली असती... बरं, घासायचे तेही कसं, ताटांच्या काठाला हळद तशीच, चमचे वाट्यांत कोंबलेले. मी पुन्हा घासायची, त्यांना ऐकू जाईल अशी.

एकदा दूध डेअरीची मंडळी सत्काराचा फेटा घेऊन थेट मागच्या दारी आली. शेजारचे बबनराव ओरडले, "काय राव भाऊ, वहिनींनी लईच धाक लावलाय!"

"तिचं कोण ऐकतंय!" आजोबा हसले. "आमच्या साधूनं शिकवलंय. तो फेटा लटकवा त्या डाळिंबाला, हात खरकटे हायेत माझे."

सगळे हसले. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. आमच्या साधूनं...

त्यानंतर मी पुस्तक उघडलंच नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, "वाचत न्हाईस का गं?"

"तुमच्या साधूलाच सांगा वाचायला."

ते म्हणाले, "तू भांडी घासायचीस तवा सारी दुपार त्यातच जायची. दोन पानं झाली की उठलीस. आता मी घासतो, तू बसून वाचतीस. तेवढंच जास्त."

जास्त काय, साधू की मी? विचारायचं राहूनच गेलं. मी मात्र मागच्या दारी खुर्ची नेली आणि पुस्तक उघडलं.

त्यांना न्यायच्या वेळी बबनरावांना डोकं उघडं दिसलं. ते फांदीकडे वळले. "वहिनी, टोपी घालू ना भाऊंना?"

"राहू द्या," मी म्हटलं. "हात ओले आहेत त्यांचे."

टोपी अजून तिथेच आहे, उन्हानं पिवळी पडली आहे. माझं एक ताट मी तिच्याखालीच घासते. पुस्तकातली साधूच्या मरणाची पानं वाचायची राहिली आहेत, ती मी वाचणार नाही. सुट्टीत याल तेव्हा ती टोपी बघा. कुणी विचारलंच, तर साधूची गोष्ट सांगत बसू नका. म्हणा, आजोबांनी आजीसाठी अडकवली आहे.