धुवायचा की बदलायचा?

दुकानात काउंटरवर बसलं की किस्से गोळा करायला जावं लागत नाही. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी झाडू मारला तर धूळ कमी आणि किस्सेच जास्त निघतील!

पंचवटीत आमचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं छोटं दुकान आहे. हे बाहेर गाड्या बघतात, मी आत काउंटर. मी सातवी शिकलेली, पण डब्यांवरचे नंबर वाचून वाचून आता कोणता फिल्टर कोणत्या गाडीचा, हे न विचारता सांगते. गिऱ्हाईक सगळ्यात जास्त एकच गोष्ट विचारतं, "एअर फिल्टर कागदी घेऊ, का धुवायचा?" कागदी म्हणजे नव्या गाडीत येतो तो, भरला की फेकायचा. धुवायचा म्हणजे बाहेरच्या कंपनीचा, कापडी, तेल लावलेला. महाग, पण धुऊन धुऊन वर्षानुवर्षं चालतो.

मी उत्तर देते, पण माझं अर्धं लक्ष काउंटरखाली असतं. तिथं माझी ईश्वरी रिकाम्या खोक्यांशी खेळते. पाच वर्षांची आहे. जास्त धूळ झाली की तिला धाप लागते. डॉक्टर म्हणाले, "श्वासाचा पंप जवळ ठेवा आणि पोरीला बिनधास्त खेळू द्या." पंप ठेवला मी जवळ. खेळू द्यायचं काही जमेना. आणि त्यात शाळेची धावायची शर्यत आली. मैदान सगळं मातीचं.

ती रोज विचारायची, "मम्मी, मी पळू ना?"

मी रोज म्हणायची, "बघू."

*

एकदा एक साहेब आले. मोबाईलवर पंधरा व्हिडिओ बघून आलेले. "धुवायचाच द्या. एकदा टाकला की आयुष्यभर टेन्शन नाही!"

ह्यांनी शांतपणे विचारलं, "साहेब, पायातले बूट शेवटचे कधी धुतले?"

साहेबांनी खाली बघितलं. मग आम्हीपण बघितलं.

गाडीत त्यांच्या बाईसाहेब बसल्या होत्या. त्यांनी काच खाली केली आणि तिथूनच ओरडल्या, "कागदी द्या हो त्यांना!"

तेव्हापासून हे म्हणतात, फिल्टर गाडी बघून द्यायचा नाही, माणूस बघून द्यायचा.

*

पण काही माणसं धुण्यात फारच पुढं असतात. आमच्या सासूबाईंसारखी.

जेवताना ह्यांनी कुणालातरी फोनवर सांगितलं, "फिल्टर धुऊन घे, नव्यासारखा होतो." सासूबाईंनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी आमच्या व्हॅनमधून ह्यांनी काढून ठेवलेला फिल्टर त्यांना ओट्यावर दिसला. साबणाची पावडर, गरम पाणी, ब्रश! मी वर गच्चीत गेले तर दोरीवर ईश्वरीचे फ्रॉक, आणि त्यांच्या मधे दोन चिमटे लावून लटकलेला एअर फिल्टर. कागदी! घड्या सुटून भिजलेल्या वहीसारखा झालेला.

हे डोक्याला हात लावून म्हणाले, "आई, अगं हा कागदाचा होता!"

"मग मला काय माहीत! कागदाचा होता तर एवढा मळवलात कशाला?"



*

सायखेडा माझं माहेर. तिथल्या आमच्या गल्लीतल्या आप्पांच्या मुलानं आमच्याकडून उघडा, गोल, धुवायचा फिल्टर नेला होता. त्याला मायलेज नको, काही नको. "वहिनी नाही, तू ताई आहेस म्हणून विचारतो, आवाज येईल ना? गाडी गुरगुरली पाहिजे!"

आठ दिवसांनी आप्पा स्वतः आले. फिल्टर पिशवीत.

"पोरी, हे ठेव तुझ्याकडं अन् आपलं साधं कागदाचं दे."

"का हो आप्पा? गाडी पळत नाय का?"

"गाडी लय पळती. पण ती गोठ्यापाशी आली का म्हैस पान्हा चोरती!"

*

यात्रेकरूंना फिरवणारा एक ड्रायव्हर आहे. त्याला धुवायचा फिल्टर आम्हीच दिला, आणि चार वेळा सांगितलं, सावलीत पूर्ण वाळू द्यायचा, मग तेल, तेही हलक्या हातानं. त्यानं सकाळी धुतला, वरून भजी तळायला घालावं तसं तेल ओतलं आणि बसवला लगेच. पुलावर गाडी आचके द्यायला लागली. ढकलत ढकलत आमच्या दारात आणली. ह्यांनी झाकण उघडलं तर आत पाणी आणि तेल, दोन्ही गळतंय.

"अहो, पॅसेंजर खोळंबले होते. वाळवायला वेळ कुठे होता?"

शेजारचे गुरुजी आंघोळ करून ओल्या धोतरानं निघाले होते. ते थांबले, आत डोकावले आणि म्हणाले, "बाळा, ओलेत्यानं पूजा होते. गाडी नाही चालत!"

*

सिन्नरहून एक काका आले. त्यांच्या मळ्याचा रस्ता कच्चा, पुढं ट्रॅक्टर असला की मागं धुळीत काही दिसत नाही म्हणाले. गाडी चढावर धापा टाकत होती. ह्यांनी फिल्टर काढला, तर त्याच्यावर जुन्या साडीचं फडकं चार घड्या करून बांधलेलं!

"कागदी घेतला," काका म्हणाले, "अन् वरून कापड लावलं. एक कण आत जाणार नाही!"

मला मनातून पटलं होतं. मीपण हेच केलं असतं.

हे म्हणाले, "कण गेला नाही हे खरं. पण काका, हवापण गेली नाही ना!" मग त्यांनी आतला फिल्टर सूर्याकडे धरला, एक डोळा मिटला आणि काकांना दाखवलं, "असं बघायचं. उजेड दिसला तर चालेल. नाही दिसला तर बदलायचा."

ईश्वरी काउंटरखालून बघत होती. त्यानंतर आठवडाभर घरातली प्रत्येक वस्तू सूर्याकडे गेली. आजीचा चष्मा, माझी वही, शेवटी पोळी. "आजी, ही बदल!"

सासूबाई दोन दिवस फुगून होत्या. पोळ्या मात्र पातळ झाल्या.

*

आता माझा स्वतःचा किस्सा. सांगायला लाज वाटते.

ईश्वरी आमच्या व्हॅनमधून शाळेत जाते. मी ह्यांच्या मागं लागले, आपल्या व्हॅनला तो महागाचा बसवा. ते म्हणाले, "आपल्या धुळीला कागदीच बरा, बारीक धूळ तोच नीट अडवतो." मग मी म्हटलं, तर चांगल्यातला चांगला कागदी बसवा, आणि दर महिन्याला बदला. त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्या महिन्यात विचारलं, "अगं, पण एवढं का?"

"म्हणजे ईशूला गाडीत चांगली हवा येते!"

ह्यांनी हातातला पाना खाली ठेवला. एवढी वर्षं काउंटरवर बसून मी हजार फिल्टर विकले होते.

"ही हवा इंजिन घेतं गं," ते हळूच म्हणाले. "ईशू नाही घेत."

मी हसले. मग रडायलाच आलं. तीन महिने त्या इंजिनाची मी पोटच्या पोरीसारखी काळजी घेतली होती!

"मग ईशूसाठी कोणता फिल्टर आहे?" मी विचारलं.

ह्यांनी डोकं खाजवलं. "तिचा देवानं बसवूनच पाठवलाय. आपण पंप जवळ ठेवू."

दुसऱ्या दिवशी मी शर्यतीत तिचं नाव दिलं.

*

शर्यतीची सकाळ. आधीच्या पोरांनी उडवलेली धूळ अजून खाली बसली नव्हती. माझ्या एका हातात पंप. हे शर्यत संपते त्या दोरीपाशी उभे. पोरं चुन्याच्या रेघेवर आली तशी मी पळत गेले आणि माझा स्कार्फ चार घड्या करून ईश्वरीच्या नाका-तोंडावर बांधला. गाठ दोनदा ओढून बघितली.

मॅडमनी शिट्टी तोंडाला लावली होती.

ईश्वरीनं स्कार्फ ओढून काढला, दोन्ही हातांनी सूर्याकडे धरला, एक डोळा मिटला.

"मम्मी, ह्यातून उजेडच येत नाही," ती म्हणाली आणि स्कार्फ माझ्या हातात दिला. "बदल!"

आणि पळाली.