वैजयंतीकाकूंची तीन मिनिटं

वैजयंतीकाकू नसत्या, तर सुनावणीत माझ्यासारखीलाही बोलता येतं हे मला कळलंच नसतं. मी सातवीतून शाळा सोडलेली. इथं अमेरिकेत, श्रूजबरीतल्या मराठी घरांना पोळ्या करून देते. काकू माझ्या पहिल्या गिऱ्हाईक. इंजिनिअर; सगळी नोकरी पुलांची तपासणी करण्यात गेली. निवृत्तीनंतरही पूल दिसला की गाडी बाजूला घ्यायच्या आणि मान वर करून गंज बघत बसायच्या. मागचे हॉर्न वाजवायचे. "वाजवू देत. पूल काही ओरडत नाही, म्हणून आपण बघायचं," म्हणायच्या.

किनाऱ्यावरच्या बंद पडलेल्या अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन रेल्वेनं दूर न्यायचं ठरत होतं. रूळ माझ्या खिडकीलगत. काकू विरोध करणाऱ्यांच्या गटात होत्या, पण गटाशीही भांडायच्या. "ते तिथंच राहू दे म्हणू नका. तिथंही माणसं राहतात. फक्त आधी पूल तपासा, आणि रुळालगतच्यांना आधी सांगा." भट्टीकडचे लोक त्यांना आडमुठ्या म्हणत, गटातले फितूर.

त्यावरच्या सरकारी सुनावणीत मला एकच विचारायचं होतं. ती गाडी आमच्या इमारतीपाशी अडकली, तर आम्हाला कोण सांगणार, आणि कुठल्या भाषेत? माझी चिनू सहा वर्षांची.

"मग विचार की," काकू म्हणाल्या.

"मला कुठं इंग्लिश येतं? आणि नाव लिहून द्यावं लागतं म्हणे. उद्या काही झालं म्हणजे?"

"घाबर. पण उभी राहून घाबर. तू मराठीत बोल, मी ट्रान्सलेट करते."

प्रत्येकाला तीन मिनिटं. त्या रेल्वेच्या वाटेतल्या जुन्या लोखंडी पुलाविषयी काकूंनी महिनाभर खपून भाषण लिहिलं होतं. आधी माझं नाव आलं. मी एकेक वाक्य बोलायची, काकू ते इंग्रजीत सांगायच्या. मी कोण, कुठं राहते एवढं सांगून होईतो लाल दिवा लागला. भाषांतराचा वेळही त्यातच धरतात, हे आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं. काकूंनी अध्यक्षांना विचारलं, "माझी तीन मिनिटं हिला देता येतील?" ते म्हणाले, येतील. काकूंनी हातातले कागद पर्समध्ये घातले.

माझा प्रश्न पुरा झाला. "नोंद घेतली आहे," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

पार्किंगमध्ये मला रडू फुटलं. "काकू, तुमचं राहिलं."

"राहू दे गं. त्यांनी माझीही नोंदच घेतली असती." मग त्या स्टिअरिंगमागे बसल्या, पण गाडी सुरूच करेनात. "ऐकलं कुणी, असं वाटलं का तुला?" मला खोटं बोलता आलं नाही.

योजना मंजूर झाली. माझ्या प्रश्नाचं उत्तर आजवर आलेलं नाही. गटही विस्कटला. काकूंचे गुडघे गेले, तेव्हा मुलगा त्यांना दूर कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला घेऊन गेला. "आई, इनफ नाऊ," एवढंच तो म्हणाला. काकूंनी त्याच्याशी वादसुद्धा घातला नाही, याचीच मला भीती वाटली. सुरुवातीला फोनवर विचारायच्या, "पूल बघितला का गं कुणी?" मी नाही म्हणायची. आता विचारत नाहीत.

त्या भाषणाची पानं मी त्यांच्याकडून मागवून घेतली आहेत. लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गाला जाते, तरी निम्मे शब्द अजून अडतात. काही बदलेल असं मला वाटत नाही. पण पुन्हा कधी सुनावणी लागली, तर माझ्या वाट्याच्या वेळात मी काकूंचं भाषण वाचीन. दुभाष्याशिवाय.