चायनीज हॉटेलातली चौथी खुर्ची

लेथ मशीनखाली लोखंडाचा कीस साठतो, तसे किस्से साठतात. काम चालू असताना लक्ष जात नाही. झाडायला घेतलं की कळतं, अरे बापरे, केवढा हा ढीग!

आमचा ढीग चिंचवडच्या हायवेवरच्या चायनीज हॉटेलातला. आम्ही तिघं एकाच कंपनीत होतो. मी भट्टीवर, लातूरचा सूर्यवंशी लेथवर आणि पुनावळ्याचा दत्ता जगताप फिटर. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून पगारानंतरच्या गुरुवारी हॉटेल ठरलेलं. लाल कंदील, गार हवा, आणि चकचकीत टेबलं! आत शिरताना आम्ही आपोआप हळू बोलायला लागायचो.

* * *

पहिल्यांदा नूडल्स आल्या. सूर्यवंशीनं काट्यानं एक धागा उचलला. हात वर गेला, मग तो स्वतः उभा राहिला, तरी धागा बशीतच!

"राव, ह्याला टोकच न्हाई की!"

पलीकडच्या टेबलावरचं सगळं कुटुंब जेवण थांबवून बघत होतं.

* * *

मी भट्टीवरचा माणूस, त्यामुळे माझा डोळा स्वयंपाकघराच्या दाराकडे. एकदा ते उघडं राहिलं. आचाऱ्यानं कढई झटकली, जाळ छतापर्यंत गेला, भात हवेत उडाला आणि एकही शीत न सांडता परत कढईत! मी उठून दारापर्यंत गेलो होतो, तसाच जागेवर परत आलो.

"काय झालं रे?" दत्तानं विचारलं.

"आपण जाळाला भितो राव. तो त्याला खेळवतो!"

* * *

चॉपस्टिक्सनी, म्हणजे त्या दोन चिनी काड्यांनी, खाणं मात्र जमेना, घास निसटायचा. सूर्यवंशीनं जेवणाच्या सुट्टीत लेथवर स्टीलच्या काड्या बनवल्या, आणि पकड बसावी म्हणून टोकांना खरखरीत नक्षी पाडली. कंपनीच्या गेटवर वॉचमननं अडवलं.

"हे काय?"

"भात खायचं टूल!"

"मग स्टोअरला जमा का नाही केलं?"

शेवटी साहेबांनी हसत सोडलं. हॉटेलचे मालक कलकत्त्याकडचे वयस्कर चिनी गृहस्थ. त्यांनी त्या काड्या उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिल्या आणि गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटात मांडून ठेवल्या. सूर्यवंशी महिनाभर जमिनीवर नव्हता!

* * *

दत्ता दर वेळी घरी पार्सल न्यायचा. त्याची आई गेल्यापासून त्याच्या वडिलांचं, आबांचं, जेवणच तुटलं होतं. पहिला घास तिच्या नावानं बाजूला काढायचे आणि ताट तसंच सारायचे. अंगावरचा सदरा लोंबायला लागला होता. दत्ता काळजीनं पार खचला होता.

"काल आबांनी नूडल्स खाल्ल्या का?" मी विचारलं.

"शेळीला घातल्या. म्हनले, तिला आवडल्या!"

आम्ही हसलो. दत्ता हसला नाही.

* * *

शेवटी एका गुरुवारी दत्तानं आबांनाच आणलं. पटका, धोतर, हातात काठी. कंदिलांकडे बघत आबा दत्ताच्या खुर्चीवर टेकले आणि दत्ता त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसला. टेबलाची चौथी खुर्ची नेहमीसारखी रिकामी होती.

भात आला. आबांनी एक घास काढून त्या खुर्चीसमोर, पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवला आणि ताट सारलं. मालक लगबगीनं आले. मला वाटलं, आता ओरडा बसणार!

"किसके लिए?" त्यांनी विचारलं.

"आईसाठी. ती आता नाही," दत्ता खाली मान घालून म्हणाला.

मालक आत गेले. चिनी मातीच्या वाडग्यात वाफाळता भात घेऊन आले, तो घास अलगद उचलून त्यात ठेवला आणि वाडगा रिकाम्या खुर्चीसमोर मांडला. खुर्ची जराशी मागं ओढली, कुणी बसणार असल्यासारखी. मग कपाट उघडून सूर्यवंशीच्या त्या स्टीलच्या काड्या आणल्या, पुसल्या, आणि वाडग्याशेजारी ठेवून हात जोडले.

आम्ही थक्क होऊन बघत राहिलो.

आबा त्या खुर्चीकडे कितीतरी वेळ बघत होते. मग त्यांनी काड्या उचलून मालकांच्या हातात दिल्या.

"ह्या ऱ्हाऊ द्या. ती हातानंच जेवती."

आणि सारलेलं ताट स्वतःकडे ओढलं.

"दत्ता, वाढ मला."