बिरूचा सामोआहून परतीचा प्रवास

“भावजी, हे गेले. पाटंचंच.” बिरूच्या बायकोनं फोनवर एवढंच सांगितलं. आमच्याकडं लांबच्या माणसाला असं सरळ कुणी सांगत नाही. वाटेत कोलमडू नये म्हणून “सिरियस आहेत, निघून या” म्हणतात. तिनं तसं का केलं नाही, ते मला ठाऊक आहे... काही आठवडे ते मनात घेऊन फिरतो आहे.

तीसेक वर्षांपूर्वी सांगलीजवळच्या कुपवाडच्या एका इंजिनांच्या कारखान्यात बिरू फिटर होता आणि मी ऑफिसात. तो जतकडच्या धनगराच्या घरातला. आमची जनरेटरची इंजिनं पार पॅसिफिक महासागरातल्या सामोआ देशात गेली, तेव्हा ती बसवायला बिरूला पाठवलं. त्याचे वडील, आबा, निरोप देताना हसले. “मेंढरं घिऊन आमी कृष्नाकाठापतोर जायाचो, तू तर समींदराच्या पल्याड चाललास गड्या.”

बिरू तिकडं असतानाच आबा अचानक गेले. माती आवरून त्याचे चुलते आणि मी फोनच्या बूथवर गेलो. “सिरीस हायत, एवढंच सांग,” चुलते म्हणाले. मी सांगितलं. पलीकडून बिरूनं विचारलं, “बोलत्यात का रं?” आणि कुणी न सांगता मी म्हणालो, “तुझी सारखी आठवण काढतात.”

त्या वाक्यावर बिरू निघाला. खवळलेल्या समुद्रातून होडीनं राजधानीच्या बेटावर आला. फिजीचं विमान रोज नसायचं, म्हणून विमानतळाच्या बाकावरच पडून राहिला. फिजीत उतरला, तर वाटेत तारीखरेषा ओलांडल्यानं मधला एक वारच नाहीसा झालेला. पुढं सिडनी, सिंगापूर, मुंबई. सांगलीच्या स्टँडवर मी एकटाच न्यायला गेलो. त्याच्या धाकट्या भावाचं मुंडन झालेलं त्याला दिसू नये म्हणून. बिरूचा चेहरा पार उतरला होता. म्हटलं, काहीतरी खाऊन घे. “न्हाई. आबांचं त्वांड बघस्तवर आन्न घ्यायचं न्हाई, बिरोबाला बोललोय.”

मी त्याची पिशवी उचलली. गाव येईपर्यंत खरं काही सांगितलं नाही...

दारातच धाकट्याचं मुंडन केलेलं डोकं दिसलं आणि त्याला सगळं कळलं. बिरोबाला बोललेलं आता कधीच पुरं होणार नव्हतं. त्याला भाकरीचा तुकडा घ्यायला लावेपर्यंत चुलत्यांच्या नाकी नऊ आले. त्यानंतर बिरूनं मला एकदाच विचारलं, “आबांनी खरंच आठवण काढलीवती, का तुझं तूच?”

“माझं मीच.”

त्यानं मान हलवली. मैत्री तोडली नाही, पण घरी बजावून ठेवलं, की आपल्या घरातली बातमी कुणालाच खोटी द्यायची न्हाई.

विश्रामबागच्या दवाखान्यात यंदा त्याच्या उशाशी बसलो होतो. “डाक्टर काय म्हनला?” त्यानं विचारलं. बरा होशील, हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

“फार दिवस नाहीत, बिरू.”

“शिकलास म्हनायचं,” तो म्हणाला. “आता धाकट्याला बलीव. त्येलाबी असंच सांग.”

त्याचा धाकटा भाऊ दुपारपर्यंत आला. मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. दाराआडून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते. मधेच बिरू हसला, मग पुन्हा बोलू लागला... संध्याकाळपर्यंत ते बोलत होते.